मालक आत आहेत

कल्पना करा, तुमच्यासमोर पाण्याच्या पंपाची एक जळकी मोटर आहे. झाकण उघडताच करपलेल्या लाखेचा वास नाकात शिरतो आणि दिवसभर तिथंच मुक्काम ठोकतो. आत लोखंडाचं जाड कडं, त्याला आतल्या बाजूनं दातांसारख्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत ठासून भरलेली, काळी पडलेली तांब्याची तार. ती छिन्नीनं कापून उपसायची, उपसताना तिचे फेरे मोजायचे, आणि मग नवी तार साच्यावर गुंडाळताना तेवढेच फेरे द्यायचे. कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर ती ओझं उचलत नाही, नुसती घुमते. एका हातानं यंत्राची मूठ फिरवायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार ताणून धरायची आणि ओठांतल्या ओठांत मोजत राहायचं. यंत्रावर आकडे दाखवणारी एक डबी आहे, पण ती बंद पडून जमाना झाला. आता अशी कल्पना करा की मोजणी बरीच पुढे गेली आहे आणि नेमकं तेव्हाच दारात कुणीतरी उभं राहून तुम्हाला काहीतरी विचारतं.

काय कराल? थांबलात तर आकडा गेला. आकडा गेला की तार उलगडा, पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून या कामातली माणसं मान वर करत नाहीत. डोक्यात आकडा गच्च धरतात आणि तोंडात जे पहिलं येईल ते बोलून मोकळी होतात.

तारबाईनं तेच केलं. दारातल्या माणसानं विचारलं, "इथले मालक कोण?" तिनं हनुवटीनं मागच्या पडद्याकडे खूण केली आणि म्हणाली, "मालक आत आहेत. पडलेत जरा."

या एका वाक्यानं तिचं अनुदान अडकलं.

तारबाई हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलेलं. सुरुवातीला ते टवाळीचं होतं. बाई, आणि मोटर बांधणार, याची गंमत वाटायची लोकांना. पुढे तिच्या हातच्या मोटरी वर्षानुवर्षं जळेनात, तेव्हा टवाळी आपोआप गळून पडली आणि नाव तेवढं मागे राहिलं. तिला त्याचं ना सुख ना दुःख. माहेरी तिला 'धांदरट' म्हणत, त्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणायची.

लग्न होऊन आली तेव्हा दुकान असं काही तिला दिसलंच नव्हतं. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यामागे एक खोली, मध्ये जाड निळा पडदा. पुढच्या खोलीत तिचा नवरा मोटरी बांधायचा, मागच्या खोलीत संसार. दुकानात कामाला एक माणूस होता, तो तिच्या नवऱ्याला 'मालक' म्हणायचा. गिऱ्हाइकं म्हणायची. सासू तर पोटच्या पोराबद्दल बोलताना 'मालकांना वाढलं का?' असं विचारायची. नवऱ्याचं नाव घ्यायला नव्या नवरीची जीभ रेटत नव्हती. तिला हा तयार शब्द सापडला आणि तिनं तो उचलला. आमचे मालक. तोंडावर 'अहो', माघारी 'मालक'. हजारो घरांत बायका असंच बोलतात आणि त्यातून कुणाचं काही बिघडत नाही.

पहिली काही वर्षं तिचं काम कागदाचं. खाचांमध्ये बसवायचा जाड पिवळसर कागद मापात कापून, घडी घालून द्यायचा. मग दोऱ्यानं कॉइल बांधायचं काम आलं. पडद्याच्या अलीकडे तिचं येणं वाढत गेलं. मालक मोजत असले की दुकानात कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तर तीच ओठांवर बोट ठेवायची आणि हळूच सांगायची, "मोजतायत, थांबा."

मग मालकांचा हात थरथरू लागला. आधी फक्त उजवा अंगठा. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं थांबलं, थोडं वाढलं. तांब्याच्या तारेवर लाखेचा अगदी पातळ थर असतो. तार खाचेत बसवताना तो कुठं खरवडला की आतल्या आत दोन तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर जळते. एक दिवस एका लाँड्रीची मोटर बांधून गेल्यावर आठवड्याच्या आत परत आली. लाँड्रीवाल्यानं ती फक्त टेबलावर ठेवली आणि मालकांच्या हाताकडे बघितलं.

तो गेल्यावर मालकांनी तार दाबायची बांबूची पट्टी तिच्यापुढे सरकवली. त्या मोटरीची तार तिनं उपसली, तिनं मोजली, तिनं भरली. शेजारी स्टुलावर बसून ते बघत होते. एकदाच म्हणाले, "ताण कमी कर, तुटेल."

त्यानंतर हळूहळू स्टूल पडद्याकडे सरकत गेलं, आणि एक दिवस ते पडद्याच्या पलीकडे गेलं. कामावरचा माणूस आपलं दुकान काढायला निघून गेला. ती एकटी बांधू लागली. आतून मालक कान देऊन असत. मोटर लावून बघितली की आवाजावरून सांगत, "बेअरिंग बदल, वाइंडिंग ठीक आहे."

धंदा बरा चालला होता, पण वाढत नव्हता. जड मोटर आली की तिला ती परत पाठवावी लागे. उचलायला चेनपुली नाही, व्हार्निश लावल्यावर भाजायला मोठी भट्टी नाही, मोजायला दुसरं माणूस नाही. रस्त्याच्या टोकाला मोठी बेकरी झाली होती. तिथला बेकरीवाला दोनदा येऊन गेला होता. त्याच्याकडे कणीक मळायची यंत्रं, माल गार ठेवायच्या पेट्यांची यंत्रं, मोटरीच मोटरी. तो म्हणाला होता, "तारबाई, मला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं हो. तुम्ही एवढं सामान घ्या, माझं सगळं काम तुमचं." ती म्हणाली होती, बघते.

नगरपालिकेच्या अनुदानाची बातमी नणंदेनं आणली. ही नणंद म्हणजे मालकांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या नवऱ्याचा छापखाना होता. बायकांचे छोटे धंदे वाढावेत म्हणून नगरपालिका पैसे देते, ते फेडायचे नाहीत, फक्त धंदा खरोखर बाईच्या मालकीचा पाहिजे, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं.

"तुम्हाला कसं माहीत, वन्सं?" तारबाईनं विचारलं.

"मलाच मिळालंय गेल्या वर्षी."

"तुम्हाला? कशाला?"

"छापखान्याला. माझ्या नावावर आहे ना तो. ह्यांनी केलाय." नणंद पदर तोंडावर धरून हसली. "साहेब तपासायला आले, मला विचारलं, हे यंत्र कोण चालवतं? मी म्हटलं, मीच. देवाशपथ वहिनी, ते सुरू कुठून होतं तेसुद्धा मला ठाऊक नाही. नशीब, त्या वेळी वीज गेलेली."

आतून मालकांचा आवाज आला, "लाज वाटू दे."

"वाटते ना दादा, मधूनमधून."

तारबाईकडे तर सगळं खरंच होतं. दुकानाचा परवाना तिच्या नावावर झाला होता, वीजबिल तिच्या नावावर होतं, आणि मुख्य म्हणजे हात तिचे होते. तिनं अर्ज केला. चेनपुली, भट्टी, आकडे दाखवणारं नवं यंत्र आणि मदतीला एक बाई, एवढं तिनं मागितलं. मग ती वाट बघू लागली, आणि एका दुपारी, ती मोजत असताना, नगरपालिकेचा तपासनीस दारात येऊन उभा राहिला.

तो माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. नणंदेसारखे छापखाने त्यानं बरेच पाहिले होते. बायकोला पुढे करून मागे नवरा बसलेला, असं गावभर चाललं होतं आणि वरून त्याला सक्त ताकीद होती. 'मालक आत आहेत' हे ऐकल्यावर तो पडदा सारून आत गेला. मालक कुशीवर पडलेले. त्यांनी उठायची धडपड केली.

"पडून राहा. दुकान कधीपासूनचं?"

"माझ्या हातचं आहे हे दुकान," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांना दुकानाबद्दल विचारत होतं. "वडिलांनी काही ठेवलं नव्हतं. बाहेरची फळीसुद्धा मीच मारलीये."

तारबाईनं कॉइल पुरी केली, दोरा मारला आणि पाणी घेऊन आत गेली, तोवर तपासनीस निघाला होता. हसून म्हणाला, छान काम आहे तुमचं. तिला वाटलं, झालं, निम्मी लढाई जिंकली. मालकांनाही तसंच वाटलं.

पुढे नगरपालिकेचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं: प्रत्यक्ष पाहणीत मालकी अर्जदार महिलेची असल्याचे आढळले नाही. खुद्द अर्जदारानेच मालक अन्य व्यक्ती असल्याचे सांगितले.

तिला काही उमगेना. "मी कधी सांगितलं? मी तर बोललेच नाही त्यांच्याशी. मोजत होते मी."

नणंदेनं दोनदा वाचलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, मालक कुठंयत म्हणून कुणी विचारलं तर तू काय म्हणतेस?"

"आत आहेत म्हणते. काय म्हणणार?"

"मग झालं तर. मी धडधडीत खोटं बोलून मिळवलं, आणि तू एक शब्द खरा बोललीस नि घालवलंस."

तारबाईला राग आला, पण तो कुणावर धरावा हे तिला कळेना. शब्द तिचा होता. कुणी तिच्या तोंडात कोंबला नव्हता.

नणंद नगरपालिकेत जाऊन चौकशी करून आली. फेरसुनावणी होते. पण नवऱ्यानं लिहून द्यायला हवं की धंदा आपला नाही, आपण मालक नाही. आणि मालकांची सही आता बँकसुद्धा मानत नव्हती. अक्षर सगळं भुईचक्रासारखं फिरायचं. तेव्हा त्यांना समितीपुढे स्वतः यावं लागेल, आणि तोंडानं सांगावं लागेल.

"एवढंच ना," नणंद म्हणाली. मग तिनं वहिनीकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "पण दादाला हे विचारणार कोण? तू?"

"मी नाही."

"मीपण नाही. एवढंच उरलंय त्याच्याकडे."

ते खरं होतं. हात गेले होते, चालणं भिंतीला धरून, जेवताना घास ओठांपर्यंत येईतो निम्मा सांडायचा. पण अजून रस्त्यावरून जाणारा कुणी आत डोकावून म्हणायचा, "काय मालक, बरं आहे ना?" आणि ते मान ताठ करून म्हणायचे, "चाललंय." तेवढं एक शाबूत होतं. तारबाईनं मनाशी ठरवलं, बेकरीवाल्याला नाही म्हणून कळवायचं. फेरसुनावणीची मुदत संपू द्यायची. चेनपुलीवाचून कुणी मरत नाही.

रोज सकाळी ती मालकांची दाढी करायची. खिडकीशी खुर्ची, गळ्याला टॉवेल, वाटीत कोमट पाणी. त्या सकाळी हनुवटीखाली वस्तरा असताना ते म्हणाले, "कधी जायचंय?"

"कुठं?"

"मी मालक नाही म्हणून सांगायला."

तिनं वस्तरा बाजूला घेतला. "वन्सं बोलल्या?"

"ती कशाला बोलेल. पडद्याला कान नसतात असं वाटतं तुम्हा दोघींना." ते थांबले. बोलताना त्यांना मध्येच थांबावं लागायचं. "सांगितलं का नाहीस?"

"हलू नका, कापेल."

"हलणं माझ्या हातात आहे का?"

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले, म्हणून ती वाटीतलं पाणी बदलायला उठली. परत आली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

"नाही गेलं तरी चालतंय," ती म्हणाली. "आहे ते बास आहे आपल्याला."

"बेकरीची मोटर बघितलीयेस का उघडून?"

"नाही."

"मोठी असते. तार जाड. हाताला मजा येते." एवढंच बोलून त्यांनी मान मागे टाकली आणि गाल पुढे केला. विषय संपला.

नगरपालिकेची खोली लांबलचक होती. भिंतीशी एकावर एक रचलेल्या खुर्च्या, वर एक पंखा. पंखा घरघरत होता. मालकांनी आत येताच वर बघितलं आणि तिच्या कानाशी म्हणाले, "बेअरिंग." समोर समितीच्या अध्यक्षा, त्यांच्या एका हाताला लेखनिक, दुसऱ्या हाताला तो तपासनीस. तपासनिसानं उठून मालकांना खुर्ची दिली. नणंद मागे भिंतीला टेकून उभी होती. आज तिला एकही विनोद सुचत नव्हता.

अध्यक्षाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दुकान कुणाचं आहे, काका?"

"हिचं."

"मग या तुम्हाला मालक का म्हणतात?"

मालकांचा हात मांडीवर उडत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. ते बोलणार नाहीत असं वाटून तारबाई पुढे झाली, तेवढ्यात ते म्हणाले, "लग्नापासून म्हणते. तेव्हा होतो."

"आणि आता?"

"आता मी आत असतो."

लेखनिकाला हसू फुटलं. अध्यक्षाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तारबाईकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. मालक कोण?"

हा प्रश्न इतका सोपा असेल आणि इतका जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं मालकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. टेबलाच्या कडेचा सनमायका उखडला होता, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "मी."

"काय लिहू बाई?" लेखनिकानं अध्यक्षांना विचारलं. "मालकीण?"

"नको," तपासनीस म्हणाला. "मालकीण म्हणजे मालकाची बायकोपण होते. वर गेल्यावर परत तोच घोळ. पुन्हा फिरून माझ्याच टेबलावर."

"मग?"

त्यावर तिघांची थोडी चर्चा झाली. स्वामिनी म्हटलं तर देवळातलं वाटेल. धनीण म्हटलं तर पुन्हा तेच. अखेर अध्यक्षाबाई म्हणाल्या, "मालक लिहा. नुसतं मालक. आणि पुढे यांचं नाव."

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना नणंदेनं दादाचा एक दंड धरला आणि तारबाईनं दुसरा. रिक्षात बसल्यावर मालक म्हणाले, "चहा पाजा कुणीतरी," आणि नणंद एकदम रडायला लागली.

अनुदान मंजूर झालं. चेनपुली आली, तुळईला बसली. भट्टी आली. मदतीला समोरच्या चाळीतली एक विधवा बाई येऊ लागली. तिची बोटं लांब आहेत, कॉइल सुंदर बांधते. बेकरीची पहिली मोटर चेनपुलीवर चढली त्या दिवशी मालकांची खुर्ची पडद्याच्या अलीकडे आणून ठेवली होती. तार खरंच जाड होती. तारबाईनं तिचा एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि ती कितीतरी वेळ उघडली नाही.

धंदा वाढला, यात शंका नाही. आणखी एक बाई ठेवावी लागेल असं दिसतंय. पण त्या सुनावणीपासून तारबाईच्या बोलण्यात एक खड्डा पडला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "मालक कसे आहेत?" आणि ती उत्तर द्यायला तोंड उघडते, "मालक..." नि तिथंच अडते. तो शब्द आता पूर्वीसारखा उचलता येत नाही. दुसरा तिच्याजवळ नाही. नाव घ्यायचं तर इतक्या वर्षांनी तेही परक्या माणसाचं वाटतं. "ते बरे आहेत," असं काहीतरी ती म्हणते. कामाला येणारी बाई आता तिलाच मालक म्हणायला लागली होती. तारबाईनं तिला झापलं. मग रात्रभर तिला वाईट वाटत राहिलं की आपण त्या बिचारीला कशापायी झापलं.

मालकांचा आवाज आता फार खाली गेला आहे. आजार आवाजही खातो, असं डॉक्टर म्हणतात. कान त्यांच्या ओठांशी नेला तर शब्द कळतात, तेही सकाळचे, गोळी घेतल्यावर घटकाभर. त्या घटकेत दाढी होते, औषधाचं विचारून होतं, बहिणीची चौकशी होते. पुढे उरतं ते ऐकू येत नाही. म्हणून जे विचारायचं ते लवकर विचारायला हवं, हे तिला कळतं. रोज सकाळी वाटीत पाणी घेताना ती ठरवते, आज विचारू. मग त्यांचा गाल पुढे येतो, ती वस्तरा लावते, आणि ते राहून जातं.

तिला विचारायचं आहे ते फार नाही. अनुदानासाठी बोललात की मनापासून, हे तिला विचारायचं नाही. ते खरंच बोलले असं तिनं धरून टाकलं आहे. तिला फक्त एवढंच हवं आहे. तुम्ही म्हणालात, तेव्हा होतो. मग नव्हतात ते कधीपासून? पट्टी माझ्यापुढे सरकवलीत त्या दिवसापासून, की त्याच्याही आधी, की त्या खोलीत मी 'मी' म्हणाले त्या क्षणापासून?